घरातला राग, रुसवा आणि मुलांची माया: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

कोथरूडमधल्या एका बालवर्गात मी १९ वर्षं शिकवते आहे. पालकसभेत माइकवर विचारलेले प्रश्न थोडे असतात, सभा संपल्यावर चपला शोधता शोधता हळूच विचारलेले जास्त. त्यातले फिरून फिरून येणारे इथे लिहून काढलेत. "ताई, आमचं मूल दुसऱ्याशी मायेनं वागावं म्हणून घरी काय करायचं?" हा मुळातला प्रश्न. बाकीचे सगळे त्याच्या पोटातले.

चांगलं वागायला शिकवलं की मूल चांगलं वागतं. त्यात घरच्यांच्या रागालोभाचा काय संबंध?

शिकवलं की सुविचार पाठ होतो. 'सर्वांशी प्रेमाने वागावे' हे आमच्या वर्गात सगळ्यांना येतं, आणि ते म्हणता म्हणता शेजारच्याच्या हातातला खडू ओढणारेही असतात.

दुपारी भातुकली मांडली की घराघरातलं बाहेर येतं. बाहुली जेवत नाहीये. एक आई तिला म्हणते, "भूक नाही का? बरं, मग थोड्या वेळानं." दुसरी म्हणते, "गीळ लवकर, माझी कॅब येईल." दोघी साडेतीन वर्षांच्या. शब्द तर शब्द, कमरेवर ठेवलेला हातसुद्धा घरचाच.

घरात कोण किती आणि कशा भावना दाखवतं, याचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत एमी हाल्बरस्टॅट, नॅन्सी आयझेनबर्ग अशा मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकापासून केला. त्यात बऱ्यापैकी सातत्यानं दिसलेली गोष्ट अशी, की ज्या घरात कौतुक, आभार, आनंद, जवळ घेणं उघडपणे चालतं, तिथली मुलं दुसऱ्याच्या दुःखाची दखल जास्त घेतात. रागाच्या बाबतीत मात्र चित्र सरळ नाही. घरात राग दिसतो म्हणून मूल निर्दय होतं असं काही निघालं नाही. राग कुठल्या जातीचा आणि पुढे त्याचं काय होतं, यावर बरंच ठरतं. खालचे काही प्रश्न त्याच्याबद्दलच आहेत.

हे कितव्या वर्षापासून सुरू होतं? आमचा तर अजून दीडच वर्षाचा आहे.

मग तुम्हाला उशीर व्हायला लागलाय असं समजा! (गंमत केली.) पाळणाघरात एक तान्हं रडलं की दुसरं सूर लावतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते सहानुभूतीचं बी, अजून रोप नव्हे. पण दीड वर्षाचं मूल खरंच मदतीला धावतं. फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक अनोळखी माणूस मुलांसमोर वस्तू पाडायचा आणि ती उचलायला हात लांबवायचा. १८ महिन्यांच्या २४ मुलांपैकी २२ जणांनी निदान एकदा तरी मदत केली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बक्षीस दिलं नव्हतं.

याच वयात आणखी एक उमज येते: समोरच्याला काय आवडतं ते माझ्याहून वेगळं असू शकतं. १९९७ साली छापून आलेल्या एका प्रयोगात बाईंनी मुलांसमोर ब्रोकोली मिटक्या मारत खाल्ली आणि बिस्किटांना नाक मुरडलं. मग हात पुढे केला. १४ महिन्यांची मुलं त्यांना आपल्या आवडीची बिस्किटंच देत बसली, १८ महिन्यांच्या मुलांनी ब्रोकोली दिली. आपल्याकडे कारल्याच्या काचऱ्या घेऊन करून बघायला हरकत नाही.

मग मुलांसमोर भांडायचंच नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणारे दोघं असले तर एकमेकांकडे न बघता विचारतात.

माझ्याच घरातलं सांगते. मुलगा पाच वर्षांचा होता. रविवारची सकाळ, वीजबिल भरायचं कुणाच्या लक्षात राहायला हवं होतं यावरून आमच्या दोघांचे आवाज चढले. तो टेबलाशी पोहे घेऊन बसलेला. थोड्या वेळानं यजमान स्वयंपाकघरात आले, चहा टाकला, मी म्हटलं माझंही चुकलं, दोघं हसलो, विषय संपला. आमच्यापुरता संपला. बाहेर येऊन बघते तर त्यानं पोह्यांतले दाणे वेचून ताटलीच्या कडेनं एक रांग लावली होती. एकही घास खाल्ला नव्हता. रात्री अंथरुणात त्यानं विचारलं, "आई, तू आजीकडे राहायला जाणार का?"

भांडण त्यानं पहिल्या शब्दापासून ऐकलं होतं. मिटलेलं त्याला कुणी कळवलंच नव्हतं.

आपल्याकडे हे घरोघरी असंच चालतं. भांडतो हॉलमध्ये आणि मिटवतो आत, दार लोटून. मुलाला राग येताना दिसतो, जाताना दिसत नाही. मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञानं नेमकं हेच तपासलं. मोठ्यांचं भांडण बघून मुलं अस्वस्थ होतात, पण भांडण मिटलेलं पाहिलं की ती अस्वस्थता बरीच उतरते. अर्धवट मिटलं तर अर्धवट उतरते. मिटताना बघता आलं नाही, पण नंतर कुणी 'मिटलं बरं का' म्हणून सांगितलं, तरीही फायदा होतो.

तेव्हा भांडण हॉलमध्ये झालं असेल तर मिटवणंही हॉलमध्येच होऊ द्या. मोठं नाटक नको. "मघाशी मी फार जोरात बोललो, बिल माझ्याच लक्षात राहिलं नाही" एवढं एक वाक्य मुलाच्या कानावर पडू द्या. रागावलेल्या माणसाशी पुन्हा जवळीक कशी करायची, हे त्याला दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? वर्गात मैत्रिणीशी कट्टी झाल्यावर बट्टी करायला जी मुलं आपणहून पुढे होतात, त्यांनी ती कुठेतरी पाहिलेली असते.

एक अपवाद. हात उचलणं, वस्तू फेकणं, धमकी देणं यांना हे लागू नाही. ते नंतर गोड बोलून भरून निघत नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

आमच्याकडे आरडाओरडा अजिबात नाही. फक्त टोमणे चालतात.

हा प्रश्न आला की मी मनात म्हणते, आलं पुणं! टोमण्याचा आपल्याला अभिमान असतो, पाट्यासुद्धा आपण कौतुकानं मिरवतो. मोठ्यांमध्ये तो एक खेळ आहे, मलाही येतो.

पण चार वर्षांच्या मुलाला उपरोध कळत नाही. "वा, काय सुंदर पसारा घातलाय!" यातलं 'सुंदर' त्याला ऐकू येतं आणि डोळे मात्र भलतंच सांगतात. कुठल्यावर विश्वास ठेवायचा? चेहरा वाचायला शिकण्याच्या वयात आपण त्याला चुकीची अक्षरं गिरवायला देतो. आणि नवरा-बायकोत, सासू-सुनेत रोजचा चालणारा तिरकस बोल म्हणजे थंड करून वाढलेला तिरस्कारच. माझं मत विचाराल तर साध्या सरळ ओरडण्यापेक्षा तो मुलांना जास्त बाधतो, कारण ओरडणं कधीतरी संपतं.

मी फार चिडते. नंतर वाईट वाटतं. आता काय उपयोग?

उपयोग आहे. 'सॉरी' म्हणा, पण त्याच्यामागे 'पण' लावू नका. "सॉरी बाळा, पण तू ऐकतच नाहीस ना" ही माफी नव्हे, ती दुसरी फेरी. "मी ओरडले, तू दचकलास. ऑफिसमधलं डोक्यात होतं, ते तुझ्यावर काढलं. माझं चुकलं." बस्स. मूल उत्तर देणार नाही, कदाचित लेगो जोडत राहील. ऐकतंय.

दर दहा मिनिटांनी माफी मागणारे पालकही पाहिलेत. मग मुलालाच त्यांची समजूत काढावी लागते. एकदा पुरे.

मुलांसमोर रडलं तर चालतं?

चालतं. हाल्बरस्टॅट आणि त्यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्रासदायक भावनांचे दोन गट केले. एक, दुसऱ्यावर चाल करून जाणाऱ्या: राग, तुच्छता. दुसऱ्या, वाट्याला आल्या म्हणून सोसायच्या: दुःख, खंत, निराशा. घरात पहिल्या गटाचं राज्य असेल तर मुलं आक्रसतात किंवा तसंच वागतात. दुसऱ्या गटातलं थोडंफार बघणं अपायकारक नाही. उलट मुलांना कळतं, की मोठ्यांनाही लागतं आणि आपण त्यांच्याजवळ जाऊन बसू शकतो.

सासरे गेले तेव्हा घरात सगळे मुलांना आतल्या खोलीत पाठवत होते. माझ्या नणंदेनं तसं केलं नाही. तिनं आपल्या लेकीला जवळ बसवून घेतलं आणि म्हणाली, "मला बाबांची आठवण येतेय म्हणून रडू येतंय. तुझं काही चुकलेलं नाही. थोड्या वेळानं थांबेल." तीन छोटी वाक्यं, पण मुलाला हव्या त्या सगळ्या गोष्टी त्यात आल्या. का, कुणामुळे नाही, आणि संपणार आहे.

जपायचं ते एवढंच, की सहा वर्षांच्या मुलाला 'आता तूच माझा आधार' म्हणू नका. तेवढं वजन त्याच्या खांद्याला पेलत नाही.

मुलगा रडला की आजोबा म्हणतात, "मुलीसारखा काय रडतोस?" त्यांना काय सांगायचं?

आजोबांना काही सांगून फार उपयोग होतो असा माझा अनुभव नाही. ते त्यांच्या वडिलांचं वाक्य म्हणतायत. मुलाला नंतर सांगा: "लागलं की रडू येतं. मलाही येतं." हे बाबांनी म्हटलं तर दसपट लागू पडतं.

पण याच्या मुळाशी एक गैरसमज आहे, तो मोडायला हवा. स्वतःचं रडू दाबायला शिकलेलं मूल कणखर होतं असं आपल्याला वाटतं. बालवर्गात ते वेगळं दिसतं. कुणी पडलं, रडायला लागलं, की अशी मुलं हसतात किंवा तिथून निघून जातात. दुष्टपणानं नव्हे. ते रडणं त्यांना सहन होत नाही, कारण त्याचं काय करायचं असतं ते त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

'भावनांना शब्द द्या' असं सगळे सांगतात. म्हणजे नेमकं काय? आम्ही हॅपी, सॅड, अँग्रीचा तक्ता भिंतीवर लावलाय.

तक्ता राहू दे, पण तीन खणांच्या डब्यात मराठी माणसाचं मन मावत नाही.

एक मुलगा मला म्हणाला, "आय ॲम सॅड." कोपऱ्यात बसलेला, ओठ बाहेर. मी जवळ गेले की मान फिरवायचा, दूर गेले की हळूच बघायचा. तो सॅड नव्हता, रुसला होता. रागावलेल्याला तुम्ही दूर जायला हवे असता, रुसलेल्याला तुम्ही समजूत काढायला यायला हवे असता. किती मोठा फरक एका क्रियापदात आहे! मी म्हटलं, "रुसलास होय? कुणावर?" लगेच सांगितलं, "बाबावर. मला न भेटताच गेला."

आता हे शब्द बघा. हिरमुसणं: काहीतरी मिळेल वाटलं आणि मिळालं नाही. खट्टू होणं: तेच, पण जरा आतून. ओशाळणं: आपलं चुकलं आणि ते चारचौघांत दिसलं. कुढणं: सांगता येत नाही म्हणून आतल्या आत झिजणं. हळहळणं: काही हातचं गेलं म्हणून वाईट वाटणं, आणि दुसऱ्याचं गेलं तरीही वाटणं. आणि कणव, कळवळा, जीव तुटणं, पोटात कालवणं. इतकी श्रीमंती घरात असताना आपण मुलांना तीन इमोजींवर वाढवतोय.

ज्यूडी डन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली ब्रिटनमधल्या कुटुंबांबद्दल लिहिलं, की तीन वर्षांच्या वयात ज्या मुलांच्या घरी भावनांबद्दल जास्त बोलणं व्हायचं, त्यांना सहाव्या वर्षी अनोळखी माणसांच्या भावना जास्त नीट ओळखता आल्या. यात वर्ग भरवून शिकवणं नव्हतं. घरातल्या नेहमीच्या गप्पा, वाद, रडारड, त्यातच ते बोलणं.

तेव्हा परीक्षा घेऊ नका. "सांग बरं, तुला आत्ता काय वाटतंय?" असं विचारलं की मूल तोंडी परीक्षेला बसल्यासारखं होतं. आपणच जाता जाता बोलावं. "आज मीटिंगमध्ये माझं नाव घ्यायला विसरले, मी जरा हिरमुसले." शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी हे घरच्या भाषेतच चालू द्या.

मारलं, ढकललं तर 'सॉरी' म्हणायला लावायचं का?

लावलं तर म्हणतात. पुन्हा ढकलतात आणि पुन्हा म्हणतात.

मार्टिन हॉफमन या मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकापासून मांडलेली पद्धत मला वर्गात सगळ्यात जास्त उपयोगी पडली. शिक्षा किंवा 'जा, मी बोलणार नाही तुझ्याशी' यांच्याऐवजी मुलाचं लक्ष त्याच्या वागण्याच्या परिणामाकडे वळवायचं. एका मुलानं मुलीचा ठोकळ्यांचा मनोरा लाथेनं पाडला. मी त्याच्या उंचीला बसले. "तिच्याकडे बघ. सकाळपासून रचत होती. आता तिला कसं वाटत असेल?" गप्प. मग उठला, दप्तराकडे गेला आणि आपली पाण्याची बाटली आणून तिच्यापुढे धरली. तिला पाणी नको होतं, मनोरा हवा होता. पण त्याच्या घरी रडणाऱ्याला आधी पाणी देत असणार. या वयातली मुलं आपल्याला ज्यानं बरं वाटतं तेच दुसऱ्याला देतात, असं हॉफमनही सांगतात. तिनं घोटभर प्यायलं. मनोरा मग दोघांनी रचला, वाकडाच.

मदत केली की स्टार देतो, दहा स्टारला आइस्क्रीम. बरोबर आहे ना?

आइस्क्रीम असंच द्या की! २००८ साली वॉर्नेकेन आणि टोमासेलो यांनीच दाखवलं, की २० महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळाली, ती नंतर बक्षीस नसताना कमी मदत करू लागली. शाबासकी दिलेल्या मुलांचं तसं झालं नाही.

आमची फारच हळवी आहे. दुसरं कुणी रडलं की हीच रडते. कणखर करायला हवं का?

दुसऱ्याचं दुःख बघून आपणच घाबरणं आणि त्याच्यासाठी वाईट वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं आयझेनबर्ग यांच्या कामातून स्पष्ट होतं. पहिल्यात मूल स्वतःला सावरण्यात गुंततं आणि मदत राहून जाते. हिला भावना कमी करायला शिकवायचं नाहीये, ती झेलायला शिकवायचंय. आधी जवळ घ्या, श्वास शांत होऊ द्या, मग विचारा, "आपण त्याच्यासाठी काय करूया?" हातांना काम मिळालं की अशी मुलं सगळ्यांत पुढे असतात.

चांगला वागतो म्हणून शाळेत मार खाऊन येतो. "तूही दोन ठेवून दे" म्हणू का?

नको. "थांब, मला नाही आवडत" हे मोठ्यानं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचा सराव घरी करून घ्या. आणि बाईंना सांगणं म्हणजे चहाडी नव्हे, हेही सांगा.

आम्ही दोघं हिंजवडीला. घरी पोचायला आठ वाजतात. हे सगळं कधी करायचं?

वेगळा वेळ काढायला मी सांगतच नाही. मूल तुम्हाला पाहतंच. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून कसे बोलता, पार्सल घेऊन तीन जिने चढून आलेल्या मुलाला पाणी विचारता का, चांदणी चौकात पुढच्या गाडीला काय म्हणता. आणि घरी कामाला येणाऱ्या मावशी. त्यांचा कप वेगळा आहे का, त्या आजारी पडल्या की घरात पहिलं वाक्य काय उमटतं? "बरं नाही का त्यांना?" की "आता भांडी कोण घासणार?" माया कुणावर करायची आणि कुणावर नाही, याची यादी मुलं इथून बनवतात.

जूनच्या आसपास, आषाढी वारीच्या दिवसांत पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. पुष्कळ पालक मुलांना घेऊन वारकऱ्यांना केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटायला जातात. जरूर जा. फक्त फोटोसाठी मुलाला पुढे ढकलू नका. एखाद्या आजीबाईंशी बोलू द्या, कुठून चालत आलात, पाय दुखतात का, हे त्यालाच विचारू द्या.

मोबाईलचा यात काही संबंध?

१९७०च्या दशकात एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञानं आयांना आपल्या तान्ह्या बाळांसमोर काही मिनिटं निर्विकार चेहऱ्यानं बसायला सांगितलं. बाळांनी हसून पाहिलं, हात पुढे केले, आवाज काढले आणि शेवटी तोंड फिरवलं, काही रडली. तेव्हा मोबाईल नव्हते. स्क्रोल करताना आपला चेहरा कसा असतो, ते एकदा कुणालातरी बघायला सांगा.

तज्ज्ञांकडे कधी जावं?

घरात मारहाण किंवा सततची दहशत असेल तर थांबू नका. मूल वारंवार प्राण्यांना किंवा लहान भावंडांना मुद्दाम इजा करत असेल, खूप दिवस गप्प गप्प असेल, खाणंझोपणं बिघडलं असेल, तरीही दाखवा. सरकारची टेलीमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही मिळते. मूल धोक्यात असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. आणि तुमची स्वतःची चिडचिड आवरत नसेल तर आधी तुम्ही जा. त्यात ओशाळायचं काही नाही.

फरक कधी दिसेल?

सांगता येत नाही, आणि तुम्हाला घरी दिसण्याआधी बहुधा आम्हाला भातुकलीत दिसतो. ती 'गीळ लवकर' म्हणणारी आई आठवते ना? तिच्या आईशी माझं दिवाळीच्या आधी बोलणं झालं होतं. जानेवारीत एकदा बाहुलीनं पुन्हा जेवायला नकार दिला. मुलीनं भात फेकल्यासारखं केलं, ओरडली, मग बाहुलीकडे पाठ करून भिंतीला टेकली आणि लुटुपुटीचं पाणी प्यायली. परत आली, बाहुलीला मांडीवर घेतलं. "ओरडले ना मी? ये. आता वरण कालवून देते."